शेकडेवाऱ्यांची सरासरी : एक उदाहरण

आकडेवारीच्या प्रकरणात विद्यार्थ्यांची हमखास गफलत होते, ती शेकडेवाऱ्यांची सरासरी काढताना. गणित आपल्या आवाक्यातले नव्हे, ही धास्तीही अनेक घरांत अद्याप आहे. म्हणून आपल्या चळवळीच्या इतिहासातलेच एक उदाहरण आपण पायरीपायरीने सोडवू.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत पक्षाने १७ जागा लढवल्या. त्यांतील १३ राखीव जागांपैकी ११ आणि ४ सर्वसाधारण जागांपैकी ३ जिंकल्या. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळ भागातून निवडून आले. पक्षाला एकूण यश शेकडा किती मिळाले?

पायरी १ : राखीव जागांवरील यश = ११ ÷ १३ × १०० = ८४.६२ टक्के.

पायरी २ : सर्वसाधारण जागांवरील यश = ३ ÷ ४ × १०० = ७५ टक्के.

येथे पुष्कळ विद्यार्थी दोन्ही शेकडेवाऱ्यांची बेरीज करून दोनने भागतात. उत्तर येते ७९.८१ टक्के, आणि ते चूक असते.

पायरी ३ : जिंकलेल्या जागा ११ + ३ = १४; लढवलेल्या जागा १३ + ४ = १७.

पायरी ४ : १४ ÷ १७ × १०० = ८२.३५ टक्के. हे खरे उत्तर.

पहिली रीत का चुकते? तिच्यात ४ जागांच्या गटाला १३ जागांच्या गटाइतकेच वजन मिळते. परिणामी सर्वसाधारण गटातील एक जागा राखीव गटातील सव्वातीन जागांच्या बरोबरीची ठरते. दुसऱ्या रीतीत प्रत्येक जागेचे मोल समान राहते. हिलाच भारित सरासरी म्हणतात. ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ हे तत्त्व गणितातही असे पाळावे लागते.

हाच नियम निकालपत्रकालाही लागू पडतो. समजा, एका तुकडीतील ४० मुलांची सरासरी ६० गुण आणि दुसरीतील १० मुलांची ८० गुण आहे. दोन्ही तुकड्यांची सरासरी ७० नव्हे; (२४०० + ८००) ÷ ५० = ६४ गुण. ७० म्हटल्याने शाळेचा निकाल चांगला दिसेल, परंतु ज्या ४० मुलांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, त्यांची गरज झाकली जाईल.

म्हणून शेकडेवारी निकालाची असो, साक्षरतेची असो वा नोकरभरतीची, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : ही किती जणांपैकी?