घराची वायरिंग तपासणार कोण? इन्स्पेक्टर येत नाही, म्हणून सही कुणाची ते बघा

मंचेरियल : घर बांधून झालं की फरशी कुठून आणली, रंग कोणत्या कंपनीचा, हे घरमालक पाहुण्यांना हौसेने सांगतो. वायरिंग कोणी केली असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "आपल्या ओळखीचा पोरगा आहे, सगळी कामं करतो." त्या पोराकडे परमिट आहे का आणि काम झाल्यावर वायरिंग तपासली कुणी, हे दोन प्रश्न मात्र राहूनच जातात. पावसाळ्यात भिंती ओलावतात, गिझर किंवा फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेव्हा त्यांची आठवण होते.

मंचेरियल, चेन्नूर, पलीकडे सिरोंचा, वर बल्लारशा आणि राजुरा या पट्ट्यात मराठी माणूस दोन राज्यांत राहतो. कामगारही पुलावरून आणि रेल्वेने इकडून तिकडे जातात. त्यामुळे घरच्या विजेचं काम करायला आणि तपासायला कायद्याने कोण लायक, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना माहीत असायला हवं.

इन्स्पेक्टर घरी येतो का?

बहुतेक लोकांचा समज असा की मीटर बसवायला कंपनीचा माणूस आला, म्हणजे वायरिंग तपासून झाली. प्रत्यक्षात तो मीटर बसवतो आणि लाईन जोडतो. भिंतीच्या आतलं त्याला दिसत नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम १६२ नुसार सरकार विद्युत निरीक्षक नेमतं. त्यांचा मुख्य भार उच्च दाबाच्या जोडण्या, कारखाने, १५ मीटरहून उंच इमारती आणि अपघातांची चौकशी यांवर असतो. साध्या घरासाठी नियम वेगळा आहे. नवीन जोडणी देताना वीज कंपनीने स्वतः चाचणी घ्यावी, नाहीतर परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल स्वीकारावा. हाच तो 'टेस्ट रिपोर्ट'.

म्हणजे घराची तपासणी बहुतेक वेळा त्या एका सहीवर उभी असते. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर वह्या न बघता ऑडिटरने ताळेबंदावर सही केली, तर तो कागद दिसायला पूर्ण असतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. टेस्ट रिपोर्टचंही तसंच. चाचणी न घेता सही झाली, तर ते घर कुणीच तपासलेलं नाही.

तीन पायऱ्या, तीन कागद

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत (आधी २०१० चे, आता २०२३ चे) घराच्या वायरिंगची जबाबदारी तीन जणांवर टाकली आहे.

पहिला वायरमन. हाताने काम करणाऱ्याकडे राज्य सरकारने दिलेलं किंवा मान्य केलेलं परमिट हवं. दुसरा सुपरवायझर. त्याच्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं आणि काम त्याच्या थेट देखरेखीखाली व्हायला हवं. तिसरा ठेकेदार. त्याच्याकडे राज्याचा लायसन हवा. रिपोर्टवर सही त्याची चालते.

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला या कागदांची गरज नाही. पण एसीसाठी नवीन लाईन ओढणं, वरच्या मजल्याला वायरिंग वाढवणं, बोर्ड बदलून लोड वाढवणं ही कामं परवान्याचीच.

आयटीआय झालं म्हणजे झालं का?

नाही. इथेच पुष्कळ पोरं फसतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि त्याला दहावी लागते. वायरमन ट्रेडही दोन वर्षांचाच, त्याला आठवी चालते. त्यानंतर अप्रेंटिसशिप केली तर वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. हे शिक्षणाचे कागद झाले. परमिट ही त्यापुढची पायरी आणि ते राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याशी जोडलेल्या परवाना मंडळाकडून घ्यावं लागतं. काही महिन्यांच्या कौशल्य कोर्सचं सर्टिफिकेट नोकरी शोधायला उपयोगी पडतं, पण ते परमिट नाही.

कोळसा खाणीत किंवा जयपूरच्या वीज प्रकल्पात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा अनुभव दांडगा असतो. तरीही घराच्या रिपोर्टवर त्या अनुभवाची सही चालत नाही, लायसनचीच लागते.

राज्याची हद्दही लक्षात ठेवा. महाराष्ट्राचं परमिट महाराष्ट्र देतो, तेलंगणाचं तेलंगणा. नियमात 'दिलेलं किंवा मान्य केलेलं' असे शब्द आहेत. म्हणून पलीकडच्या राज्यात काम घेण्याआधी तिथल्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आपला कागद मान्य आहे का, ते विचारून घ्यावं. काम झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कागद झाला, आता हात बघा

परमिट असूनही तपासणी नीट झाली का, हे घरमालकाला ओळखता येतं. नुसता टेस्टर फिरवून दिवा पेटला, तर तिथे करंट आहे एवढंच कळतं. अर्थिंग चालतं का, हे टेस्टर सांगत नाही.

खरी तपासणी मेन स्विच बंद करून सुरू होते. उपकरणं आणि बल्ब काढून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजतात. ते किमान १ मेगाओम यायला हवं. ओल्या भिंतीतली किंवा उंदराने कुरतडलेली वायर इथेच पकडली जाते. मग अर्थची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत सलग पोचते का, ते बघतात. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, तेही तपासतात. स्विच न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो.

शेवटी आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात, पण दोघांची कामं वेगळी आहेत. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसताना अंगातून जाणारा करंट त्याच्या मानाने फार थोडा असतो, म्हणून एमसीबी जागचा हलत नाही. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे ०.०३ अँपिअर. १६ अँपिअरच्या तुलनेत हा आकडा पाचशे पटींहून लहान आहे. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर आरसीसीबी पडला नाही, तर तो बदलून घ्यावा.

एका चोरवाटेपासून जपा. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर काही जण सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. काम झाल्यासारखं दिसतं. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटली, तर फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असं करणाऱ्याकडे परमिट असलं, तरी त्याला सक्षम म्हणता येणार नाही.

पाच वर्षांनी पुन्हा

वायरिंगची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी, असा नियम आपल्याकडेही आहे. राज्याने ठरवलेल्या दाबापर्यंतच्या जोडण्यांची तपासणी मालकाने स्वतः करून घ्यायची आणि तसं प्रमाणित करायचं असतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी भाड्याच्या घरांची तपासणी निदान दर पाच वर्षांनी लायक माणसाकडून करून घेणं आणि त्याचा अहवाल भाडेकरूला देणं घरमालकावर बंधनकारक केलं. आपल्याकडे भाडेकरू पंखे आणि नळ मोजून घेतो. त्याच वेळी आरसीसीबीचं बटण दाबून बघायला हरकत नाही.

काम देण्याआधी एवढं विचारा : परमिट कोणत्या राज्याचं आणि त्याची मुदत कधीपर्यंत? सुपरवायझर कोण? रिपोर्टवर सही कोणाची आणि लायसन नंबर काय? मेगर आहे का? मोजलेले आकडे रिपोर्टमध्ये लिहून मिळणार का? यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांवर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पंखा बसवून घ्या, पण घराची वायरिंग त्याच्या हाती देऊ नका.