शिफारसपत्र: सही कोणाची, शब्द कोणाचे?

अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या मुलांच्या बोलण्यात दिवाळीच्या आसपास ‘एलओआर’, म्हणजे शिफारसपत्र, यायला लागतं. तिथली बहुतेक विद्यापीठं अशी तीन शिफारसपत्रं मागतात आणि अनेकांची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते. मग पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत स्टाफरूमबाहेर मुलं सरांची वाट बघत उभी राहतात. या घाईत सीनियर मंडळींनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट नियम ठरते. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

सगळ्यात पक्का समज म्हणजे नाव जितकं मोठं, तितकं पत्र वजनदार. म्हणून बाबांच्या ओळखीतला संचालक गाठायचा, नाहीतर एकही तास न शिकवलेल्या प्राचार्यांचं लेटरहेड मिळवायचं. अर्ज वाचणाऱ्यांना मात्र लिहिणाऱ्याने या मुलाला काम करताना पाहिलं आहे का, एवढंच हवं असतं. बीई प्रोजेक्टच्या गाइडने लिहिलेला एक नेमका प्रसंग प्राचार्यांच्या पानभर गौरवापेक्षा उपयोगी पडतो.

मोठं नाव चालतच नाही, असंही नाही. 1906 साली लोकमान्य टिळकांनी लंडनच्या श्यामजी कृष्ण वर्मांना विनायक सावरकरांसाठी पत्र लिहिलं. श्यामजींनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्तीसाठी सावरकरांचा अर्ज होता. एवढे अर्ज येत असताना एकाचीच खास शिफारस करण्यात अर्थ नाही, हे टिळकांनी आधीच मान्य करून टाकलं. मग चारच गोष्टी सांगितल्या: हा तरुण गेल्या वर्षी पदवीधर झाला, स्वदेशीच्या कामात इतका उत्साही की फर्ग्युसन कॉलेजच्या अधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली, सरकारी नोकरी करायचा त्याचा विचार नाही, चारित्र्य उत्तम आहे. टिळकांच्या नावाला वजन होतंच, पण आत पडताळून बघता येईल अशी माहिती होती आणि ती वाचणाऱ्याच्या कामाची होती. कॉलेजची नाराजी हा शिफारशीचा मुद्दा करायला आज कुठला विद्यार्थी धजेल, हा भाग वेगळा.

लांबीबद्दलही असाच गैरसमज आहे. 1948 साली कार्नेगी इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी जॉन नॅशसाठी प्रिन्स्टनला लिहिलेलं पत्र जेमतेम चार-पाच ओळींचं आहे. मुलगा 19 वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवी घेतोय आणि गणितातला अलौकिक बुद्धीचा माणूस आहे, एवढंच. पुढे नॅश यांना 1994 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थात डफिन यांच्यासारखं चार-पाच ओळींत उरकायचं असेल, तर विद्यार्थीही नॅशच हवा. बाकीच्यांना पान-दीड पान लागतंच, पण ते विशेषणांनी भरून भागत नाही.

विशेषणं तर उलटूही शकतात. ‘मेहनती, नम्र, आज्ञाधारक’ ही आपल्याकडची मोठी स्तुती, पण संशोधनासाठी विद्यार्थी शोधणाऱ्याला त्यात स्वतंत्र विचार कुठे दिसत नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. बायकांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टांचं कौतुक जास्त होतं. पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख अधिक. पत्र लिहिणाऱ्या मॅडमनी आणि सरांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता सगळ्यात नाजूक बाब. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात काही वावगं आहे असं मुलांना वाटतच नाही. सरांचीही अडचण खरी असते: वर्गात सत्तर मुलं, त्यातली वीस परदेशी निघालेली, प्रत्येकाची आठ-दहा विद्यापीठं. तरीही अनेक विद्यापीठांना हे मान्य नाही. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलने तर शिफारस करणाऱ्याने सांगितलं तरी अर्जदाराने स्वतः मसुदा लिहिणं हा नियमभंग आहे, असं स्पष्ट म्हटलंय. शिवाय एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं ओळखू येतात. तीच वाक्यरचना, तेच लाडके शब्द, आणि अर्जदाराच्या निबंधातलीच गोष्ट तिन्हीकडे. सरांना मसुदा देण्याऐवजी टिपण द्यावं: त्यांच्याकडे कोणता विषय शिकलो, प्रोजेक्टमध्ये कुठला भाग स्वतः केला, काय फसलं आणि कसं सावरलं. टिपण विद्यार्थ्याचं, पत्र सरांचं. यात कुणालाच आक्षेप नसतो.

पत्र सीलबंद पाकिटातून जातं, हाही जुना समज. आता अर्जात सरांचं नाव आणि ईमेल भरलं की विद्यापीठाकडून थेट त्यांना लिंक जाते. तो पत्ता कॉलेजचा असावा; जीमेलच्या पत्त्यावर शंका घेतली जाऊ शकते. लिंक उघडल्यावर पत्रासोबत अनेकदा एक तक्ताही भरायचा असतो: हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? पत्रात ‘सर्वोत्कृष्ट’ आणि तक्त्यात मधला रकाना, ही विसंगती वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

अर्ज भरताना एक चौकोन मुलांना हमखास घाबरवतो: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? ‘फर्पा’ या 1974च्या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला, त्यातून हा प्रश्न आला. हक्क सोडायची सक्ती विद्यापीठ करू शकत नाही. तरी बहुतेक अर्जदार सोडतात, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं वाचणाऱ्याला वाटतं. आणि सरांना स्वतःहून पत्र दाखवायचं असेल, तर हा चौकोन त्यांना अडवत नाही.

ब्रिटनमध्ये पदवीला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे यूकॅस या सामायिक प्रवेशसंस्थेच्या अर्जाला सहसा एकच शिफारस लागते आणि 2024च्या प्रवेशांपासून तिचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात शाळेची किंवा कॉलेजची माहिती, दुसऱ्यात अभ्यासावर परिणाम करणारी काही विशेष परिस्थिती असल्यास ती, तिसऱ्यात विद्यार्थ्याबद्दल उरलेलं. नातेवाईक आणि मित्र लिहू शकत नाहीत, मग मामा प्राध्यापक का असेना.

‘कोण वाचतं ही पत्रं?’ असं म्हणणारेही असतात. नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पुढच्या गुणांचा अंदाज पत्रांवरून फारसा येत नाही, पण पदवी पूर्ण होईल का, याबद्दल गुण आणि प्रवेशपरीक्षा जे सांगत नाहीत ते पत्रं थोडंफार सांगतात, असं त्यांना आढळलं.

उरला संकोच. सरांना आठवण करून देणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून मुलं गप्प बसतात आणि लिंक स्पॅममध्ये पडून राहते. पत्र पोचलं की नाही हे अर्जदाराला साधारणपणे पोर्टलवर दिसतं. दीड-दोन महिने आधी विचारावं, विद्यापीठांची यादी मुदतीच्या तारखांसह एकाच कागदावर द्यावी आणि मुदतीच्या आठवडाभर आधी ‘सर, अजून दोन राहिलीत’ असा मेसेज टाकावा. सर रागवत नाहीत. बहुतेक वेळा ते विसरलेलेच असतात.