कर्ण्यासमोरचा कारुसो

ग्रामोफोनने कारुसोला मोठं केलं की कारुसोने ग्रामोफोनला, हा वाद जुना आहे. माझा कौल कारुसोच्या बाजूने. १९०२ साली तो मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात ऑपेरा गात होता, त्याचं नाव झालं होतं. तबकडीकडे मात्र बडे गायक अजून खेळणं म्हणूनच पाहत होते. गरज होती ती यंत्राला.

एन्रिको कारुसोचा जन्म २५ फेब्रुवारी १८७३ रोजी नेपल्सला झाला. वडील मेकॅनिक, घरात ओढगस्त. पोरगा चर्चमध्ये गायचा आणि कारखान्यात राबायचा. पुढे वेर्जिने नावाचे गुरू भेटले. त्यांनी शिकवणीच्या बदल्यात करार लिहून घेतला : पाच वर्षांच्या कमाईचा चौथा हिस्सा गुरूचा. मेख अशी की ही पाच वर्षं कॅलेंडरची नव्हती, प्रत्यक्ष गायलेले दिवस तेवढे मोजायचे! आपल्याकडे शागिर्दांनी गुरूघरी पाणी भरलं, पण असा हिशेब कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ठोक रक्कम मोजून कारुसो सुटला.

१८९५ मध्ये तो रंगमंचावर आला, पण सुरुवातीला वरच्या सुरांवर आवाज फुटायचा. टेनर गायकाची सगळी पत या वरच्या सुरांवर, त्यामुळे ही उणीव लहान नव्हती. तिच्यावर त्याने वर्षानुवर्षं मेहनत केली. १८९८ मध्ये मिलानला जोर्दानोच्या ‘फेदोरा’च्या पहिल्याच प्रयोगाने त्याला उचलून धरलं. जन्मगावाने मात्र थंड स्वागत केलं. १९०१च्या अखेरीस तिथल्या सान कार्लो ऑपेरागृहात टीकाकारांनी नाकं मुरडली; त्या हंगामानंतर नेपल्समध्ये तो पुन्हा कधी गायला नाही.

आता ११ एप्रिल १९०२. मिलानच्या एका हॉटेलातली खोली, भिंतीला लावलेला पत्र्याचा कर्णा, मेणाच्या तबकड्या आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग. दहा गाण्यांची बिदागी शंभर पौंड. लंडनच्या साहेबांनी ‘फार महाग, करू नका’ अशी तार केली आणि आपण ती गुंडाळून ठेवली, असं गाइसबर्गने आठवणींत लिहिलंय. कारुसोने एका दुपारी दहाही गाणी आटोपली.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात शिरेल तो आवाज सुईला हलवायचा आणि सुई मेणावर चर पाडायची. व्हायोलिनसारखी नाजूक वाद्यं त्यात जवळजवळ हरवून जात. बायकांचे उंच आवाज किरटे वाटत. कारुसोच्या आवाजाला खाली बॅरिटोनचा भरणा होता, त्यामुळे तबकडीची खरखर त्याला खाऊ शकत नव्हती. नाव झालेल्या गायकाचे सूर असे घरोघरी ऐकू येऊ लागले, तेव्हा बाकीच्या बड्यांचाही नकार ढिला पडला.

हाच गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गायिका गौहरजानला कर्ण्यासमोर बसवलं. कारुसोच्याच पिढीतले आपले भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) मात्र तबकडीवर सापडत नाहीत. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आणि ‘स्वयंवर’ नाटकाच्या चालींतून हुडकावी लागते. कारुसोच्या बाबतीत ही हळहळ करावी लागत नाही; जवळपास अडीचशे ध्वनिमुद्रणं शिल्लक आहेत.

२३ नोव्हेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात (‘मेट’मध्ये) त्याचा ‘रिगोलेत्तो’ झाला आणि तिथून अठरा हंगाम ते थिएटर जणू त्याचंच झालं. आठशेहून अधिक वेळा तो मेटसाठी उभा राहिला. पुच्चिनीच्या ‘ला फान्चुल्ला देल वेस्ट’चा १९१० सालचा पहिला प्रयोगही त्याचाच. मधल्या काळातले किस्से पोत्याने आहेत. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कारमेन’ गाऊन झोपला आणि पहाटे भूकंपाने उठवला. त्या शहरात तो परत फिरकला नाही. फिलाडेल्फियात ‘ला बोएम’च्या वेळी सहगायकाचा घसा बसला, तेव्हा त्याची खर्जातली आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, प्रेक्षकांकडे पाठ करून यानेच गाऊन टाकली. तो व्यंगचित्रंही झकास काढायचा. संसाराची मात्र दैना होती. ज्या गायिकेपासून त्याला मुलगे झाले, ती १९०८ मध्ये मोटार चालवणाऱ्याबरोबर निघून गेली. दहा वर्षांनी त्याने डोरोथी बेंजामिनशी लग्न केलं. मुलगी ग्लोरिया त्यांचीच.

११ डिसेंबर १९२०ला ब्रुकलिनमध्ये ‘लेलिझिर दामोरे’ चालू असताना त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. विंगेतून एकामागून एक रुमाल येत राहिले आणि हा गात राहिला. पहिल्या अंकानंतर प्रयोग थांबवावा लागला. एवढं होऊनही त्याने आणखी तीन प्रयोग केले. मला हे शौर्य वाटत नाही. त्या माणसाला कुणी सक्तीने घरी बसवायला हवं होतं. २४ डिसेंबरला आलेव्हीचा ‘ला झ्युइव्ह’ झाला, तोच शेवटचा. फुप्फुसाभोवती पू झाला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्येच तो गेला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

कारुसो ऐकायला सुरुवात करायची तर १९०४ची ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ घ्यावी आणि लगेच सप्टेंबर १९२०मध्ये गायलेली ‘ला झ्युइव्ह’मधली आरिया लावावी. पहिलीत साथीला नुसता पियानो आहे आणि आवाज हलका, लवचिक, शेवटच्या हरकतीत मोकळा सुटणारा. दुसरीत तोच गळा गडद, जड झालेला. म्हाताऱ्या बापाची भूमिका त्याला आता बेमालूम शोभते. लोक ‘वेस्ती ला जुब्बा’पाशी थांबतात. १९०७ची ती तबकडी सुंदरच आहे, पण त्यातल्या हुंदक्यांची पुढच्या टेनरांनी इतकी नक्कल केली की आता मूळ ऐकतानाही नक्कलच आठवते.