आधी वर्दी, मग काळा कोट

पहाटे पाचला अंबडच्या रस्त्यांवर भरतीसाठी पळणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. सोळाशे मीटर वेळेत मारायचं, एवढंच डोक्यात. वर्गातला कुणी ‘मी लॉ करतोय’ म्हणाला, की आपण विचारतो, ‘मग भरतीचं काय?’ जणू या दोन वाटा कधी भेटतच नाहीत. पण भेटतात.

अमेरिकेचे रॉबर्ट म्युलर बघा. व्हिएतनाम युद्धात ते मरीन दलाचे अधिकारी होते. जखमी झाले, शौर्यपदकही मिळालं. परतल्यावर कायदा शिकले, १९७३ मध्ये पदवी घेतली आणि पुढे फेडरल प्रॉसिक्युटर, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने फौजदारी खटले चालवणारे वकील झाले. मोठी पदं भूषवली. तरी १९९५ मध्ये बॉस्टनमधली भरपूर पैशांची खासगी वकिली सोडून ते वॉशिंग्टनमध्ये खुनाचे खटले चालवायला परत सरकारी नोकरीत आले. एफबीआयचे प्रमुख झाले ते त्यानंतर, २००१ मध्ये.

आपल्याकडे वर्दी आणि कायदा एकत्र आणणारी वाट म्हणजे लष्कराची ‘जॅग’ शाखा, जज अ‍ॅडव्होकेट जनरल. कोर्ट मार्शल कायद्याप्रमाणे चालतंय का ते पाहणं, अधिकाऱ्यांना कायदेशीर सल्ला देणं, ही तिथली कामं. एलएलबीला किमान ५५ टक्के, वय २१ ते २७ आणि अलीकडे क्लॅट पीजीचा स्कोअर लागतो. लष्कराची वेगळी लेखी परीक्षा नाही. निवडक उमेदवारांना थेट एसएसबी मुलाखत, मग मेडिकल आणि चेन्नईच्या ओटीएत ट्रेनिंग.

मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. जॅगच्या एका भरतीत मुलांना सहा आणि मुलींना तीन जागा होत्या. दोघी कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी रद्द केली आणि सगळ्यांची गुणवत्ता यादी एकच लावायला सांगितलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. वर्दी उतरवली म्हणून सरकारी वकिलाची खुर्ची आपोआप मिळत नाही. राज्यातले सहायक सरकारी अभियोक्ते एमपीएससीतून निवडले जातात, सीबीआयचे यूपीएससीतून. सेशन्स कोर्टातल्या सरकारी वकिलाला किमान सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. थोडक्यात, वाट लांबची आहे.

आणि सरकारी वकील म्हणजे काहीही करून शिक्षा लावणारा माणूस नव्हे. हातात आलेला पुरावा आरोपीच्या फायद्याचा असला तरी तो दडवायचा नसतो. वरून दबाव असो की बाहेर गर्दी, नियम सोडायचा नाही. शिस्तीची खरी परीक्षा इथेच होते.

भरतीचं वय निघून गेलं म्हणून खचलेले मित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यांना हा लेख दाखवा. आणि तुम्ही? उद्या पळून आलात, की आंघोळ करून अकराला अंबडच्या कोर्टात जा. खटले सहसा खुल्या कोर्टात चालतात. मागच्या बाकावर शांत बसा आणि सरकारी वकील साक्षीदाराला प्रश्न कसे विचारतो ते तासभर ऐका.