ट्रक मधेच मिसिंग मारतो, मधेच बंद पडतो? पंप-नोझल उघडण्याआधी डिझेलची वाट तपासा

सोलापूर हे चौफुलीवरचे शहर. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आणि धुळ्याहून बीड, तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे जाणारा क्रमांक ५२ हे दोन्ही इथे भेटतात. बाजार समितीतला कांदा, कारखान्यांचा ऊस, चादरी-टॉवेलचे गठ्ठे, सगळे ट्रकवरच चालते. आपल्या समाजातल्या अनेक घरांची रोजी या चाकांवर आहे. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी कर्ज काढून एकच गाडी घेतलेला मालक, कोणी गॅरेजचा उस्ताद, तर कोणाचा मुलगा तिथे काम शिकतो आहे.

या सगळ्यांना छळणारा एक बिघाड म्हणजे गाडी स्लोवर ठेवली की थरथरते, मिसिंग मारते, कधी आपोआप बंद पडते आणि पुन्हा सेल्फ मारला की काही झालेच नाही अशी चालू होते. गॅरेजला नेली की नेमकी तिथे नीट चालते. मग अंदाजाने एकेक वस्तू बदलली जाते. आधी नोझल, मग पंप, मग सेन्सर. हजारो रुपये जातात, भाडे बुडते, हप्ता थकतो आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच. म्हणून हा बिघाड क्रमाने आणि कमी खर्चात कसा शोधायचा, ते आम्ही इथे सांगत आहोत.

स्लोवरच का त्रास होतो?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते. त्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की तो स्वतःहून पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि योग्य वेळी योग्य मापाचे डिझेल एवढे मिळाले की इंजिन चालते.

स्लोवर असताना प्रत्येक फवाऱ्यात डिझेल अगदी थोडे असते. त्यात हवेचा बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब आला तर तो फवारा वाया जातो आणि इंजिन अडखळते. रेस दिल्यावर डिझेलचे माप वाढते, इंजिनाला वेगही असतो, म्हणून तोच दोष झाकला जातो. उलट फिल्टर चोंदला असेल तर गाडी स्लोवर बरी चालते, पण चढाला लोडमध्ये दम टाकते. हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा शोध सोपा होतो.

आधी वही, मग पाना

कधी येणारा, कधी न येणारा बिघाड पकडायचा तर तो कधी येतो ते लिहून ठेवावे लागते. ड्रायव्हरने केबिनमध्ये एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी एवढे टिपावे:

- गाडी थंड होती की तापलेली?
- टाकीत डिझेल किती होते?
- गाडी स्लोवर होती, सपाट रस्त्यावर होती की चढाला?
- बंद पडताना गुचके खात पडली की चावी फिरवल्यासारखी एकदम?
- धूर कोणत्या रंगाचा होता?
- किती वेळाने पुन्हा चालू झाली?
- त्याआधी कोणते काम केले होते, डिझेल कुठे भरले होते?

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गुचक्यांचा. गाडी हळूहळू, वर-खाली होत बंद पडली तर संशय डिझेलच्या वाटेवर. एकदम, बटण दाबल्यासारखी पडली तर संशय वायरिंगवर, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, रिले, चावीचा स्विच, स्टॉप सोलेनॉइड किंवा क्रँक सेन्सर.

वेळेवरून ओळख

फजरनंतर पहिला सेल्फ मारला, गाडी चालू झाली, दहा-वीस सेकंदांत गडगडून बंद पडली आणि हातपंप मारल्यावर ठीक झाली, तर रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरले आहे. फिल्टरचा वॉशर, हातपंपाचा व्हॉल्व्ह, रिटर्न पाइपचे जोड बघा. त्रास फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर जुना तांब्याचा वॉशर पुन्हा बसवला का, रबरी रिंग कापली का, हे आधी विचारा.

जुहरच्या नमाजासाठी ढाब्यावर थांबलात, वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी घेत नाही आणि तासाभराने थंड झाल्यावर घेते, असे होत असेल तर कारण वेगळे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत गळते, त्यामुळे सेल्फच्या कमी वेगात दाब तयार होत नाही. जुन्या रोटरी पंपावर ओले फडके ठेवून गाडी चालू झाली तर पंप झिजल्याचा तो मोठा पुरावा. क्रँक सेन्सरही तापल्यावर काम सोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा धरतो.

तासभर नीट चालून मग गाडी गळपटते, थांबल्यावर थोड्या वेळाने पुन्हा चालते, तर टाकीचे झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचे किंवा व्हेंटचे भोक बुजले आहे. टाकीतला चिंधीचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडाही असाच खेळ करतो. इंजिनाच्या ओढीने तो जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद झाले की सुटून खाली बसतो. टाकी पाव झाल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतल्या ओढपाइपला वरच्या बाजूला चीर असू शकते.

न दिसणारी गळती

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथे जोड सैल असला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा दिसतो, म्हणून "गळती नाही" असे समजून सगळे पुढे जातात. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली गळती ओली दिसते.

ही हवा पकडायला दोन स्वस्त चाचण्या आहेत. पहिली, फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घट्ट क्लिप लावून बसवा आणि गाडी स्लोवर ठेवा. बुडबुडे सतत येत राहिले तर हवा शिरते आहे. दुसरी, स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधून ठेवा आणि वेगळ्या नळीने थेट फीड पंपाला जोडा. गाडी सुधारली तर दोष मागे, म्हणजे टाकी, जाळी, पाइप किंवा जोडांत आहे. तरीही मिसिंग राहिली तर दोष पुढे आहे. या दोन चाचण्यांआधी पंप उतरवायची घाई करू नये.

पाण्यासाठी काचेची बाटली पुरे. वॉटर सेपरेटरच्या तळाचे डिझेल सकाळी बाटलीत काढून स्थिर ठेवा. पाणी जड असल्याने खाली बसते आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात सेपरेटर नियमित रिकामा करा. रस्त्याकडेच्या टाकीतले स्वस्त 'बायोडिझेल' किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल दोन पैसे वाचवते आणि पंप-नोझल खाते.

नवी गाडी, नवी काळजी

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. या काळातल्या बहुतेक ट्रकना कॉमन रेल आहे. जुन्या गाडीत नोझलचा नट एकेक करून सैल करायचा आणि कोणता सिलिंडर मारत नाही ते ओळखायचे, ही उस्तादांची जुनी पद्धत. कॉमन रेलमध्ये असे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा. शिकाऊ मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

इथे स्कॅनर लावून रेलचा दाब किती हवा आणि प्रत्यक्ष किती आहे, ते बिघाड चालू असतानाच पाहावे. नोझल बदलण्याआधी रिटर्नची चाचणी करून घ्या. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला सारखी बाटली लावायची. एकीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल साठले तर तेवढेच नोझल संशयित, बाकीची बदलायची गरज नाही. अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही स्लो बिघडवतो. चेसिसला घासलेली वायर शोधायची तर इंजिन चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर ठेवून, वायरिंगचा एकेक भाग हलवून पाहा.

धूरही बोलतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, काळा म्हणजे हवा कमी किंवा नोझल टपकते, निळा म्हणजे ऑइल जळते. हे सगळे ठीक निघाले तरच टॅपेट आणि कॉम्प्रेशनकडे वळा.

रस्त्यात बंद पडली तर

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की पॉवर स्टीअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर हवा भरायचे थांबवतो. टाकीत उरलेल्या हवेवर थोडेच ब्रेक लागतात, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. गाडी डावीकडे रस्त्याबाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, चाकांना उटी लावा आणि त्रिकोणी रिफ्लेक्टर बराच मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते, अपघात झाल्यास ११२. रात्री गाडीच्या मागे उभे राहून काम करू नका. घरी कोणीतरी वाट पाहत असते.

गॅरेज आणि ग्राहक

मालकाने गाडी देताना वही उस्तादांच्या हातात द्यावी आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. त्यात अविश्वास मानायचे कारण नाही. उस्तादांनीही कोणती चाचणी केली आणि तिचा निकाल काय आला, ते बिलावर दोन ओळींत लिहावे. दुसऱ्याची गाडी ही आपल्याकडची अमानत आहे. गाडी विकताना हा बिघाड खरेदीदाराला सांगावा, कारण मालातला ऐब लपवून केलेला सौदा आपल्या दीनमध्ये जायज नाही. आणि जो मुलगा आज शागीर्द म्हणून पाना धरतो आहे, त्याला कॅन, पारदर्शक नळी आणि बाटली या तीन चाचण्या शिकवा. पुढे स्कॅनर हातात आला तरी त्या त्याच्या कामी येतील.