अफूजन्य व्यसन आणि अमली पदार्थांचा व्यापार : भारतीय कायद्याचा दुहेरी दृष्टिकोन

प्रस्तावना :

अफू, मॉर्फिन, हेरॉइन आणि सामान्य बोलीत 'गर्द' म्हणून ओळखली जाणारी ब्राऊन शुगर हे सर्व पदार्थ एकाच कुळातील आहेत. त्यांचे सेवन करणारा रुग्ण असतो आणि त्यांचा व्यापार करणारा गुन्हेगार, असे आपण सहज म्हणतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने या दोघांमध्ये सीमारेषा आखणे सोपे नाही. केंद्र शासनाच्या २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २ कोटी २६ लाख व्यक्ती अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात. त्यांपैकी सुमारे ७७ लाख व्यक्तींना उपचार वा साहाय्याची गरज आहे. या पार्श्वभूमीवर भारतीय कायद्याने ही सीमारेषा कशी आखली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :

ब्रिटिश राजवटीतील १८५७ व १८७८ च्या अफूविषयक कायद्यांचा रोख प्रामुख्याने शासकीय मक्तेदारी व महसूल यांवर होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने औषधी प्रयोजनाखेरीज मादक द्रव्यांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य मानले. भारत १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य झाला. या साऱ्यांची परिणती म्हणजे 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' हा कायदा होय. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला आणि एनडीपीएस कायदा या नावाने परिचित आहे.

मूळ कायद्यात हेरॉइन बाळगल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा होती. अल्प साठा स्वतःच्या सेवनासाठीच होता हे आरोपीने सिद्ध केले, तरच सौम्य शिक्षेची सवलत मिळे. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाच्या अटी अधिक कडक केल्या आणि काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी मृत्युदंडाची तरतूद केली.

मात्रेनुसार शिक्षा :

२००१ ची दुरुस्ती हे महत्त्वाचे वळण ठरले. तिने शिक्षा पदार्थाच्या मात्रेशी जोडली. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंत 'अल्प मात्रा' आणि २५० ग्रॅमहून अधिक 'व्यावसायिक मात्रा' मानली जाते. अल्प मात्रेसाठी सध्या एक वर्षापर्यंत, मधल्या मात्रेसाठी दहा वर्षांपर्यंत, तर व्यावसायिक मात्रेसाठी दहा ते वीस वर्षे सश्रम कारावासाची तरतूद आहे. कलम ३७ मधील जामिनाच्या कठोर अटी मुख्यतः व्यावसायिक मात्रेच्या गुन्ह्यांना लागू झाल्या.

तथापि वजन कशाचे करावयाचे, हा प्रश्न उरलाच. बाजारातील गर्द क्वचितच शुद्ध असते. २००८ मध्ये ई. मायकेल राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शुद्ध अंश विचारात घेण्याचा निर्णय दिला. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवून संपूर्ण मिश्रणाचे वजन ग्राह्य धरले. तस्कर भेसळीची ढाल करून सुटू नये, हा यामागील हेतू योग्यच आहे. परंतु एखाद्या व्यसनी तरुणाजवळ ६ ग्रॅमची पुडी सापडली आणि तिच्यात हेरॉइन अर्धा ग्रॅमच असले, तरी तो अल्प मात्रेच्या बाहेर जातो. त्याचा परिणाम केवळ शिक्षेच्या कालावधीवर होत नाही, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

उपचाराची वाट :

या कायद्यात उपचाराच्या तरतुदीही आहेत. कलम ३९ नुसार दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस न्यायालय तिच्या संमतीने उपचारासाठी सोडू शकते. कलम ६४अ नुसार स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार अपुरे सोडल्यास ते काढून घेता येते. ही दोन्ही कलमे सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यांपुरतीच मर्यादित आहेत. म्हणजेच वरील उदाहरणातील तरुणावर पुडी बाळगल्याचा आरोप ठेवल्यास, एका ग्रॅमच्या फरकाने त्या आरोपापुरता उपचाराचा हा मार्ग बंद होतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. एक कायदा ज्यास रुग्ण मानतो, त्यालाच दुसरा आरोपी मानतो, ही विसंगती विचारात घेण्याजोगी आहे. पोर्तुगालने २००१ पासून वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे सुमारे दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. अशी व्यक्ती विशेष समितीपुढे जाते. व्यापार मात्र तेथेही गुन्हाच आहे.

कठोरतेच्या मर्यादा :

अतिकठोर कायद्याची झळ निरपराधांनाही बसते. १९८५ नंतर परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयांना मॉर्फिन मिळवणे दुरापास्त झाले आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना वेदना सोसाव्या लागल्या. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' हा वर्ग निर्माण करून ही प्रक्रिया सुलभ केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अनिवार्य मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला होता. त्यानुसार २०१४ मध्ये तो न्यायालयाच्या विवेकाधीन करण्यात आला. २०२० मध्ये तूफान सिंग प्रकरणात, तपास अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, केवळ वजनाच्या आधारे व्यसनी व व्यापारी यांच्यात भेद करणे अपुरे आहे. व्यापाराबाबतची कठोरता कायम ठेवूनही व्यसनी व्यक्तीबाबत शुद्ध अंश, वैद्यकीय तपासणी आणि विक्रीचा पुरावा यांचा विचार करता येईल. कलम ६४अ ची माहिती अटकेच्या वेळीच देणे बंधनकारक करणेही आवश्यक वाटते. पुण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या संस्थेच्या दीर्घ कार्याने व्यसनमुक्ती शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने या चर्चेला वेगळे महत्त्व आहे. व्यसनाची पहिली लक्षणे पुष्कळदा वर्गातील अनुपस्थितीतून दिसतात. त्या वेळी विद्यार्थ्याला महाविद्यालयातून काढून टाकणे हा सोपा मार्ग असतो. परंतु पोलिसांच्या हाती लागण्यापूर्वी त्याला उपचारापर्यंत पोहोचवणे हे कायद्याच्या मूळ हेतूशी अधिक सुसंगत आहे.