उतरत्या हिवाळ्याचा बर्फ

फेब्रुवारीच्या मध्यावर नागपूरच्या मनीषनगरात दोन विषय एकाच वेळी चालू असतात. एका घरात कूलर माळ्यावरून आत्ताच काढायचा की होळीपर्यंत थांबायचं यावर खल चाललेला असतो, तर वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा गुलमर्गच्या स्की कोर्ससाठी जाड हातमोजे कुणाकडे उसने मिळतात का, ते विचारत फिरत असतो. वर्धा रोड ओलांडला की पलीकडे सोनेगाव. तिथल्या विमानतळाच्या आवारात प्रादेशिक हवामान केंद्र आहे. त्या केंद्राच्या पत्रकात ‘पश्चिमी झंझावात’ असे शब्द आले की या मुलाने खूश व्हायला हरकत नाही, आणि काटोल-नरखेडकडे ज्यांची संत्र्याची बाग आहे त्यांनी धास्तावायला हरकत नाही. कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काश्मीरच्या उतारांवर जो बर्फ पडतो आणि विदर्भाच्या रानात ज्या गारा पडतात, त्यांचं घराणं पुष्कळदा एकच असतं.

बर्फाच्या बाबतीत आपण एक सरळ हिशेब करतो : जितकं उत्तरेला तितकी थंडी, आणि जितकी थंडी तितका बर्फ. शाळेच्या भूगोलापुरता तो ठीक आहे. स्की करायला निघालेल्याला मात्र तो फसवतो, विशेषतः हिवाळा उतरणीला लागल्यावर. लेह आणि गुलमर्ग जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ३४ अंश उत्तर. लेह गुलमर्गपेक्षा साडेआठशे मीटर उंच आणि कितीतरी गार. तरीही खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात तेव्हा लेहच्या वाट्याला आइस हॉकी आणि स्केटिंग येतं, स्कीसाठी सगळ्यांना गुलमर्गलाच यावं लागतं. लेहमध्ये पाणी गोठवायला थंडी हवी तेवढी आहे. बर्फ पाडायला लागणारी ओल वाटेतल्या डोंगररांगांनी आधीच काढून घेतलेली असते. तिकडे जपानच्या होक्काइदो बेटावरचं निसेको रोमपेक्षा जेमतेम अंशभराने उत्तरेला आहे, डोंगरही फार उंच नाहीत. पण सैबेरियाहून निघालेला गार वारा जपानच्या समुद्रावरून ओल उचलतो आणि तिथे एका हंगामात दहा मीटरहून जास्त बर्फ टाकून जातो.

म्हणजे बर्फ आणायचं काम वाऱ्याचं. अक्षांशाकडे वेगळं खातं आहे : आलेला बर्फ किती दिवस राहू द्यायचा, हे तो ठरवतो, आणि तेही सूर्यामार्फत.

२० फेब्रुवारीला भर दुपारी मनीषनगरात सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांवर असतो. त्याच दिवशी उत्तराखंडातल्या औलीला तो ४८-४९ अंशांवर, गुलमर्गला ४५ अंशांवर, फ्रान्समधल्या शामोनीला ३३ अंशांवर आणि उत्तर स्वीडनमधल्या रिक्सग्रेन्सनला जेमतेम १०-११ अंशांवर. शामोनीला ४४ अंशांचा सूर्य दिसायला वसंतसंपात, म्हणजे २०-२१ मार्च उजाडावा लागतो. उन्हाच्या तिरपेपणाच्या हिशेबाने गुलमर्ग आल्प्सच्या चक्क महिनाभर पुढे असतं. जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करून आलेला भाचा ‘मामा, स्कीला मार्चमध्येच जा’ असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याचा मार्च वेगळा असतो, एवढंच. रिक्सग्रेन्सनची गंमत तर याहून न्यारी. ते उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे, त्यामुळे भर हिवाळ्यात तिथे दिवसच उगवत नाही. हंगाम सुरू होतो तोच फेब्रुवारीच्या सुमारास, आणि मे महिन्यात आपण आमरस खात असतो तेव्हाही तिथले लोक स्की करत असतात.

ताजा बर्फ उन्हाला सहजासहजी बधत नाही. आलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के तो परत पाठवतो. पण दिवस गेले, वर धूळ आणि देवदाराची पानं साचली, कण मोठे झाले, थोडं पाणी सुटलं, की हेच प्रमाण निम्म्यावर येतं. मग ऊन आत मुरायला लागतं आणि वितळण्याला वेग येतो. म्हणून फेब्रुवारीअखेर नुसतं ‘तीन फूट बर्फ आहे’ हे ऐकून भागत नाही. तो कधी पडलेला आहे, हे विचारावं लागतं.

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर हे सगळं एका दिवसात पाहायला मिळतं. तिथले जुने इन्स्ट्रक्टर सकाळी स्की बांधायच्या आधी मूठभर बर्फ उचलून दाबून पाहतात. जानेवारीत मूठ उघडली की बर्फ उडून जातो, गोळा होतच नाही. फेब्रुवारीच्या शेवटी घट्ट गोळा होतो. मार्चच्या दुपारी बोटांच्या फटींतून पाणी येतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभाग कडक गोठतो. सकाळी साडेनऊला त्यावरून जाताना स्कीच्या कडा करकर वाजतात आणि वळण धरत नाही. अकराच्या सुमाराला वरचा दोन बोटं थर सुटतो, कण तांदळाच्या कणीसारखे मोकळे होतात, आणि पुढचा दीड-दोन तास असा येतो की नवख्यालाही आपल्याला स्की येतं असं वाटावं. दोननंतर तोच बर्फ जड होतो. स्की रुतते, शरीर पुढे जातं, आणि वळायचं काम गुडघ्यावर पडतं. उतरत्या हिवाळ्यातला स्कीचा दिवस असा घड्याळावर चालतो. दुपारी जेवून पुन्हा उतारावर जाण्याची आपली हौस तिथे आवरलेलीच बरी.

यातून पळवाट आहे, आणि ती डोंगरानेच ठेवली आहे. उत्तरेकडे तोंड करून २५ अंशांनी उतरणाऱ्या गुलमर्गच्या एखाद्या बाजूवर दुपारचं ऊन किती तिरपं पडतं? ३४ अधिक २५, म्हणजे ५९ अंश उत्तरेच्या सपाट जमिनीवर पडावं तितकं. नकाशात ते जवळजवळ ऑस्लो झालं. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर तुम्ही पार निरक्षीय प्रदेशात उतरता. एकाच धारेच्या एका अंगाला गुडघाभर कोरडा बर्फ आणि दुसऱ्या अंगाला उघडं पडलेलं पिवळं गवत दिसतं ते यामुळे. दुसरी पळवाट उंचीची. गुलमर्गचं कुरण साधारण २६५० मीटरवर. १९९८ साली सुरू झालेला गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत नेतो, २००५ सालचा दुसरा टप्पा थेट अफरवट शिखराच्या अंगावर, ३९०० मीटरच्या वर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं असं धरलं, तर खाली आणि वर आठ अंशांचा फरक पडतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खाली पावसाची रिपरिप आणि वर त्याच ढगातून उत्तम हिमवर्षाव, असं एकाच तिकिटात पाहता येतं.

काश्मिरी माणसाला हे सांगायची गरज पडत नाही. त्याने हिवाळा मोजून ठेवला आहे : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचं चिल्लई कलां, मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांतला बर्फ टिकतो. नंतरचा पाहुणा असतो.

आता वाऱ्याकडे. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या टापूत तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं उंचावरच्या पश्चिमी झोतवाऱ्यावर स्वार होऊन इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयावर आदळतात. हेच पश्चिमी झंझावात. हिवाळ्यात हा झोत दक्षिणेला सरकलेला असतो म्हणून ते आपल्या वाट्याला येतात. मार्चपासून तो पुन्हा उत्तरेची वाट धरतो. डोंगराला थडकून हवा वर चढली की ओल बर्फ होऊन खाली येते. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे मोकळे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत नागपुरात स्वेटर पुन्हा बाहेर निघतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तोही उत्तरेच्या वाऱ्यांनीच.

उतरत्या हिवाळ्यात मात्र गोष्ट थंडीवर थांबत नाही. झंझावाताची गार द्रोणी, म्हणजे उंचावरच्या कमी दाबाचा लांबट पट्टा, कधी कधी पार मध्य भारतापर्यंत लोंबते. खाली विदर्भाची जमीन तापायला लागलेली, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येत असलेले, आणि वर अचानक गार हवा. ढग काही तासांत उंच उभे राहतात आणि गारा पडतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने अशी गारपीट भोगली. ११ फेब्रुवारी २०१८पासून मराठवाडा-विदर्भाला पुन्हा तोच फटका बसला. या दिवसांत संत्र्याचा मृग बहार तोडणीला आलेला असतो, आंबिया बहाराची फुलं धरायला लागलेली असतात, गहू-हरभरा शेतात उभा असतो. तिकडे हॉटेलवाल्यांचे फोन वाजायला लागतात आणि इकडे पंचनाम्याच्या मागण्या सुरू होतात.

गेल्या काही वर्षांत या वाऱ्याचं वेळापत्रक बिघडल्याचं उघड दिसतं. २०२३चा फेब्रुवारी घ्या. देशाचं सरासरी कमाल तापमान नोंदी सुरू झाल्यापासूनच्या फेब्रुवारींमध्ये सर्वाधिक ठरलं, आणि औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. त्याआधीच, जानेवारीत, जोशीमठ खचायला लागल्याने तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला होता. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत बर्फ तयार करणारी यंत्रं आली होती, पण यंत्रालाही थंड आणि कोरडी रात्र लागते. हवा शून्याच्या खाली पुरेशी उतरलीच नाही तर ते नुसतं पाणी उडवतं. २०२४चा जानेवारी गुलमर्गने अक्षरशः कोरडा काढला. बर्फ आला तो फेब्रुवारीत, आणि २१ ते २५ फेब्रुवारीच्या खेलो इंडिया स्पर्धा कशाबशा पार पडल्या. २०२५मध्ये तेही जमलं नाही. २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या गुलमर्गच्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. तो फेब्रुवारी सरासरी तापमानात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण होता. महिनाअखेरीस एक जोरदार झंझावात आला आणि ९ ते १२ मार्चला स्पर्धा झाल्या.

त्याच झंझावातात २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. उशिरा आणि एकदम आलेल्या बर्फाचा धोका हाच. जुना थर गोठून गुळगुळीत झालेला असतो, नव्या जड थराला त्यावर धरून राहायला काही नसतं, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. स्की करणाऱ्यांना भुरळ पडते ती नेमकी त्याच सकाळी. फेब्रुवारी २०२३मध्ये गुलमर्गच्या वरच्या अंगाला दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेले. तिघेही परदेशी, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आखलेल्या उताराबाहेर जाणारे बहुतेक तेच असतात; आपली मंडळी अजून कुरणावर शिकत असतात, म्हणून वाचतात.

बर्फ ओळखून मगच त्यावर उतरावं, हे लष्कराला फार आधी कळलं होतं. १९४८ साली गुलमर्गला सैनिकांसाठी स्की शाळा निघाली, तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. मनालीला १९६९ साली बर्फ आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली, ती २०२०मध्ये संरक्षण संशोधनाच्या नव्या संस्थेत विलीन झाली. तिथल्या अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाच्या बर्फाचे तीन पट्टे पाडले. काराकोरमकडचा पट्टा कोरडा आणि कडक थंडीचा. मधला मुख्य हिमालयाचा. आणि पीर पंजालचा, ज्याला त्यांनी उपोष्ण म्हटलं. बर्फ भरपूर, पण ओलसर, आणि हिवाळा आखूड. गुलमर्ग या शेवटच्या पट्ट्यात येतं.

एवढं ठाऊक असताना राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखा महिनोन् महिने आधी चार दिवसांत बांधून टाकणं मला शहाणपणाचं वाटत नाही. तीन आठवड्यांची मोकळीक ठेवावी आणि बर्फ पाहून दिवस ठरवावेत. सहलीच्या जाहिरातीत ‘बर्फाची हमी’ छापणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी कोर्ससाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच काळ धरावा. औलीला त्यापुढे जाऊच नये. मार्चशिवाय सुट्टी मिळत नसेल तर गुलमर्ग घ्या, उत्तरेकडचे उतार विचारून घ्या, सकाळचे तास साधा, आणि मोठी बर्फवृष्टी होऊन गेली असेल तर दोन दिवस अफरवटच्या वरच्या टप्प्याचं नाव काढू नका. परतीचं तिकीट त्या हिशेबाने दोन दिवस पुढचं काढा.